पत्रात कान दिसत नाहीत

बुधवार, १० डिसेंबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं.

ताई,

आत्ताच मैदानाची दोरी साबणाने धुऊन मागच्या ओट्यावर वाळत घातली, हात पुसले आणि लिहायला बसलो. बोटं अजून दमट आहेत, म्हणून पहिल्या ओळीत शाई जरा फुटली आहे. माझं अक्षर बिघडलेलं नाही, एवढं सांगून ठेवतो.

आई गेल्याचं कळवलं, त्याला दीड वर्ष झालं. तुझं दोन ओळींचं कार्ड आलं होतं. त्यानंतर तू लिहिलं नाहीस आणि मीही नाही. मी अजून त्याच शाळेत शिपाई आहे. घंटा देतो, पाण्याच्या टाक्या भरतो, चेंडूंत हवा भरतो आणि मैदान आखतो. ज्या शाळेतून आठवीत नाव काढलं, तिच्याच किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गड्या, मागच्या दाराने का होईना, पास झालास."

लिहिण्याचं कारण असं. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून पाच दिवसांचा महोत्सव आहे. शेवटच्या दिवशी, रविवारी, मुलींचा व्हॉलीबॉलचा अंतिम सामना. आमची शाळा आणि नदीपलीकडची शाळा. जो संघ जिंकेल तो पुढच्या फेरीसाठी जानेवारीत तुझ्या शहरात येणार आहे. आमच्या संघात टिल्ली आहे. ती नुसती आहे असं नाही, सगळा संघ तिच्याच हातावर आहे. सोळा वर्षांची झाली. तू तिला टिल्ली म्हणायचीस. आता ती माझ्यापेक्षा एक वीत उंच आहे आणि वरच्या फळीवरचा डबा मला काढून देते.

ती जिंकली तर तुझ्या शहरात चार दिवस असेल. तू मैदानावर जायचं की नाही, ते तू ठरव. मी फक्त कळवतो आहे. ती तुझं नाव काढत नाही.

दोरीचं सांगायचं राहिलं. जुने शिपाईकाका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. सुती, तेरा मीटरची, गाठी मारलेली. तीन मीटरला एक गाठ, नऊला एक आणि बारा मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटरला कर्णाची गाठ. तिन्ही गाठी जमल्या की कोपरा काटकोनात बसतो, चुकायला जागाच नाही. काका म्हणाले होते, "हिला पाणी दाखवू नकोस." काकांना धुण्याचा कंटाळा, हे मला तेव्हाच कळलं होतं. चार वर्षांची फक्की बसून ती काळीपांढरी झाली होती. (फक्की म्हणजे चुन्याची पूड, तिने मैदान आखतात.) बाहेरगावचे पाहुणे येणार आणि असली कळकट दोरी बघणार, हे मला सहन होईना. आता तारेवर कशी पांढरीशुभ्र दिसते आहे.

सातची घंटा द्यायची आहे. थांबतो.


शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळचे साडेसात.

बुधवारचं पत्र टाकलं नाही. एकाच पाकिटात पुढचं लिहीन, टपालाचा खर्चही वाचेल.

धुकं इतकं दाट आहे की फाटकातून शाळा दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो. आतून कुठूनतरी पेटी वाजते, थांबते, तीच ओळ पुन्हा वाजते. पहिलीची मुलं नाटकात ढग झाली आहेत. अंगाला कापूस चिकटवलेले पंधरा-वीस ढग व्हरांड्यातून एकमेकांचा हात धरून चालले होते, आणि मधल्याच एकाला शी लागली होती.

मी मैदान आखत होतो. धुक्यात आखायला मला आवडतं. दोरी ताणून खाली बसायचं, डब्याच्या भोकातून फक्की सोडत मागे मागे सरकायचं. आपण मागे जातो आणि समोर रेघ उगवत जाते. दुसरं टोक दिसत नाही. वाटतं, अशीच सरकत गेली तर ती नदीपर्यंत जाईल, पुलावरून पलीकडे जाईल, रुळांच्या बाजूने जाईल, आणि कुणीतरी सकाळी दार उघडेल तेव्हा उंबऱ्याशी पांढरी रेघ आलेली असेल. मला हे स्वप्नही पडतं. स्वप्नात माझा डबा रिकामा होत नाही.

मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मीटर मोजले. कर्ण मोजला. गाठ बरोबर कोपऱ्यावर. एकदाच नाही, चारही कोपरे दोनदा मोजले. टिल्ली सरावाला आली होती. ती धुक्यातून म्हणाली, "मामा, तू मैदान आखतोस की मुंग्यांसाठी रस्ता काढतोस?"

"रेघ सरळ नको?"

"सरळ हवी रे. पण तू तिला विचारून विचारून काढतोस."

मग तिने चेंडू वर फेकला. तो धुक्यात गेला आणि बराच वेळ खालीच आला नाही. आम्ही दोघं मान वर करून उभे. मला खरंच वाटलं की तो आता येणार नाही. मग तो तिच्या हातावर पडला, आणि तिने मला विचारलं, "रेल्वेने तिथे जायला किती तास लागतात?"

"कुठे?"

"ज्या शहरात पुढची फेरी आहे तिथे."

"सात तास वीस मिनिटं."

"तुला मिनिटांसकट पाठ आहे?" असं म्हणून ती पळाली.

ताई, बुधवारी लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. "ती तुझं नाव काढत नाही," हे. मी ते खोडत नाही, खाडाखोड केलेलं पत्र मला पाठवता येत नाही. खरं असं आहे: तू जायच्या आदल्या आठवड्यात आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची उंची मांडली होतीस. ती दर वर्षी तिथे पाठ टेकून उभी राहते आणि मला नवीन रेघ मारायला लावते. मागच्या खेपेला म्हणाली, "मला तिला भेटायबिटायचं नाही. रडायचंही नाही. मी खेळायला जाईन, ती आली तर येईल. तिला फक्त दिसायला हवं की मी कुठवर आले." आणि तिने तुझी खालची रेघ बोटाने दाखवली.

तेव्हा तिला जिंकायला हवं आहे. चषकाशी तिला काही देणंघेणं नाही.


रविवार, १४ डिसेंबर. सकाळचे सात वाजून पाच.

टिल्लीने रात्री चेंडू उशाशी घेतला होता. आता भिंतीवर आपटते आहे. टप, टप, टप. शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं भिंतीला काय जीव नाही का?" ती म्हणाली, "असता तर चेंडू परत दिला नसता, काकू."

काल शिट्टीसर आले. हे आमचे क्रीडाशिक्षक. बोलायच्या आधी शिट्टी वाजवतात म्हणून मुलींनी नाव ठेवलं आहे. म्हणाले, एक रेषापंच आजारी पडला, त्याच्या जागी मागच्या रेघेच्या कोपऱ्यात झेंडा घेऊन तू उभा राहा. चेंडू रेघेच्या आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर, एवढंच काम. मी म्हटलं, माझी भाची खेळते आहे. पलीकडच्या शाळेच्या बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "वा, वा! मामाच्या हातात झेंडा! मग आमच्या मुलींच्या मावश्याही बसवू का चार?"

शिट्टीसर म्हणाले, "बाई, हा खोटं बोलायला लागला की याचे कान लाल होतात. सगळ्या शाळेला माहीत आहे. तुम्ही झेंड्याकडे बघूच नका, कानाकडे बघा."

बाईंनी माझे दोन्ही कान नीट बघून घेतले आणि हो म्हणाल्या.

पत्रात कान दिसत नाहीत, हे तेव्हा माझ्या मनात आलं. ते का आलं ते नंतर लिहितो. चेंडूंत हवा भरायची आहे.


सोमवार, १५ डिसेंबर. दुपारचा एक. शाळेला सुट्टी आहे.

आम्ही हरलो. आधी तेच सांगतो, म्हणजे तू पुढचं वाचताना उगाच आशा धरणार नाहीस.

पहिला डाव आमचा, पंचवीस-एकवीस. टिल्ली उडी मारते ना, ताई, तेव्हा वर पोचल्यावर क्षणभर तिथेच थांबते. खाली यायचं विसरल्यासारखी. मग हात फिरतो. पलीकडच्या मुली ओरडत होत्या, "अगं तो खांब उडाला बघ, तारा सांभाळा!" आमच्या मुली उलट ओरडल्या, "तारांना हात लावून बघा, मग कळेल!" ढगांना मैदानाच्या कडेने बसवलं होतं. ऊन धुक्यातून आलं होतं, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. कापूस उडत होता. पेटी कुठेतरी वाजतच होती.

दुसरा डाव त्यांचा, पंचवीस-बावीस. त्या डावाच्या मध्यावर सरांनी थोडी विश्रांती दिली. मी कोपऱ्यात उभा. पाय अवघडला म्हणून चपलेने माती जरा उकरली. पायाखाली काहीतरी टणक लागलं. वाकून बघितलं. वीट.

शिपाईकाकांनी फार पूर्वी मैदानाच्या चारही कोपऱ्यांत खुणेच्या विटा पुरल्या होत्या. गेल्या वर्षी लाल माती टाकून रूळ फिरवला तेव्हा त्या झाकल्या गेल्या, आणि मी दोरीच्या भरवशावर राहिलो. विटेची कड म्हणजे मैदानाची कड. माझी रेघ विटेच्या आत होती. मी बोटं ठेवून बघितली. चार बोटं.

क्षणभर वाटलं वीट सरकली असेल. विटा सरकत नाहीत. मग तारेवरची पांढरीशुभ्र दोरी डोळ्यांपुढे आली. "हिला पाणी दाखवू नकोस." सूत धुतलं की आटतं, हे घरातल्या कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं. तीनची गाठ आटली, नऊची आटली, कर्णाचीही आटली. सगळं सारख्याच मापाने आटलं, म्हणून कशातच चूक दिसली नाही. कोपरे काटकोनात, रेघा सरळ, आणि पूर्ण मैदान खोटं.

ताई, मी तेव्हाच झेंडा टाकून सरांकडे जायला हवं होतं. दोन्ही बाजू सारख्याच आखूड होत्या, दहा मिनिटांत नव्याने आखून झालं असतं. पण आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, पाहुण्यांबरोबर बसल्या होत्या. सगळं गाव बघत होतं. मी मनात वाक्य जुळवलं. मग ते नीट नाही म्हणून दुसरं जुळवलं. तोवर शिट्टी झाली. मी पायाने विटेवर माती लोटली.

तिसऱ्या डावात मी एवढंच म्हणत होतो की त्या चार बोटांत चेंडू पडू नये. इतक्या मोठ्या मैदानात चार बोटं म्हणजे काय? सगळीकडे पड. रेघेवर पड, नेटवर पड, माझ्या डोक्यात पड. तिथे नको. तिसरा डाव पंधराचा असतो. आठला बाजू बदलल्या आणि पलीकडच्या मुली माझ्या बाजूला आल्या. म्हणजे आता टिल्ली मारणार तो चेंडू माझ्याकडे येणार.

त्यांचे चौदा, आमचे तेरा. चेंडू बराच वेळ इकडून तिकडे होत राहिला. आवाज हळूहळू कमी झाला, निदान मला तरी ऐकू येईना. एका ढगाने तोंडात अंगठा घातलेला दिसला. मग आमच्या मुलीने चेंडू उंच काढला आणि टिल्ली वर गेली. वर थांबली. तिने माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं; तिने कोपरा बघितला असणार. समोरच्या दोघींच्या हातांवरून तिने तो लांब, खोल मारला. चेंडू इतका सावकाश आला की त्याची शिवण फिरताना मला दिसत होती.

फक्की उडाली नाही. रेघेच्या मागे, विटेच्या ओळीच्या आत, लाल मातीत कपाच्या बुडाएवढा गोल उमटला. मापाने मधोमध.

"पडला!" असं तो अंगठेवाला ढग म्हणाला.

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. मैदान खरं असतं तर चौदा-चौदा झालं असतं. जिंकलोच असतो असं नाही, पण हरलो नसतो. आणि मैदान मीच आखलं होतं. मामाने सामना संपताना म्हणायचं, की रेघ चुकली आहे, भाचीचा चेंडू आत धरा? माझा हात वर गेला. झेंडा वर. बाहेर.

टिल्लीने हरकत घेतली नाही. ती रेघेपर्यंत चालत आली, गोल बघितला, रेघ बघितली आणि मान हलवली. मग तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, जरा बाजूला.

पलीकडच्या बाई हात मिळवायला आल्या. हळूच म्हणाल्या, "झेंडा बरोबर होता हो. पण कान लाल आहेत तुमचे. काय भानगड आहे?"

मी म्हटलं, "ऊन लागलं."

बक्षीस समारंभात मोठ्या बाईंनी मला मंचावर बोलावलं. सख्खी भाची असून झेंडा वर केला, म्हणून टाळ्या. हातोहात प्रशस्तिपत्र लिहून दिलं. त्यात "प्रामाणीक" लिहिलं आहे, णी दीर्घ. ऱ्हस्व हवा. टाळ्या वाजत होत्या आणि मी त्या वेलांटीकडे बघत होतो. मला वाटलं, शब्दालाही माहीत आहे.


बुधवार, १७ डिसेंबर. सकाळचे अकरा.

दोन दिवस लिहिलं नाही. आता नीट क्रमाने लिहितो.

सोमवारी संध्याकाळी घरात चेंडूचा आवाज नव्हता. टिल्ली ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या काढत होती, ओवत होती, परत काढत होती. म्हणाली, "मामा, चेंडू बाहेर होता. मी बघितला. मग तुझे कान का लाल होते?"

मी तिला मैदानावर घेऊन गेलो. शिट्टीसरांकडून पोलादी टेप मागून आणली होती. रेघ मोजली, वीट मोजली. वीट बरोबर नऊ मीटरला, रेघ आठ मीटर त्र्याण्णवला. तिने स्वतः दोनदा मोजलं. मग ती रेघ आणि वीट यांच्या मधल्या पट्टीत एकापुढे एक पावलं ठेवून उभी राहिली, भिंतीच्या कडेवर उभं राहावं तशी, आणि दोन्ही हात पसरून तोल सांभाळत तिथून चालत गेली. सूर्य बुडत होता. तिची सावली नेटपर्यंत गेली होती.

मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. "म्हणजे तू दोरी धुतलीस? साबणाने? मामा, पाहुणे दोरी बघायला येणार होते का?"

"तू जिंकली असतीस," मी म्हटलं.

"कुणास ठाऊक. त्यांनाही तेवढंच मैदान होतं की. आखूड तर आखूड." मग तिचं हसू थांबलं. "पण तुला कळलं कधी?"

"दुसऱ्या डावात."

"आणि बोलला नाहीस."

"नाही."

"का?"

ताई, त्या "का"ला मी दोरीपुरतं उत्तर देऊ शकलो असतो. पण संध्याकाळ अशी होती की सगळ्या गोष्टींच्या कडा पुसट झाल्या होत्या, आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "न बोलायची मला सवय आहे. तुझ्या आईची पत्रं यायची."

ती पट्टीतून बाहेर आली नाही. तिने विचारलं, "किती?"

"अकरा."

"त्यात माझं नाव असायचं?"

"प्रत्येकात."

"मग तू काय लिहायचास?"

मला माझी सगळी उत्तरं पाठ होती. ती म्हणाली म्हण, म्हणून म्हटली. "टिल्ली यायला तयार नाही. तुझा विषय काढला की उठून जाते. तिला तिच्या जागी राहू दे." आई सांगायची आणि मी लिहायचो, तिचा राग तुला माहीत आहे. "मूल झोपेत असताना जी घरातून गेली, तिला मूल कशाला दाखवायचं?" असं ती म्हणायची. तुला नोकरीवर नेणारी कारखान्याची गाडी पहाटेचीच होती आणि टिल्लीला उठवलं असतं तर तुझा पाय निघाला नसता, हे मला माहीत होतं. मी तुझी पेटी उचलून दिली होती ना. तरी लिहिलं. एक शब्दही अशुद्ध नव्हता, फक्त सगळं खोटं होतं.

तू अकराव्या पत्रात लिहिलंस, "आता मी लिहिणार नाही, तिला वाटेल तेव्हा तिनेच लिहावं." ते पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. टिल्लीलाही नाही.

टिल्ली म्हणाली, "एकही चूक केली नसशील."

"शुद्धलेखनाची नाही."

"आणि आजी गेल्यावर? दीड वर्ष झालं, मामा."

हेच मी तुझ्यापासूनही लपवत आलो, आणि गेल्या बुधवारपासून इतके कागद लिहूनही टाळत होतो. आईवर ढकलता येईल तेवढं ढकलून झालं. ती गेल्यावर मला कुणी सांगत नव्हतं. पण संध्याकाळी मी किल्ल्या खुंटीला अडकवतो तेव्हा भिंतीवर चेंडूचा आवाज येत असतो. टप, टप. तो आवाज गेला तर त्या घरात मी आणि खुंटी. मी टिल्लीला ठेवून घेतली, ताई. आजीचा शब्द पाळला असं नाही, मला ती हवी होती. हे मी तिलाही सांगितलं. कान लाल झाले नाहीत असं ती म्हणते.

पत्रं शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे होती. तारीखवार लावलेली. मंगळवारी ती दिवसभर मैदानाच्या पायऱ्यांवर बसून वाचत होती. मी घंटा द्यायच्या वेळा सोडून त्या बाजूला गेलो नाही. पाच वाजता ती आली आणि म्हणाली, "आईच्या पत्रात किती चुका असतात रे! 'दिवस'ला दीर्घ देते." मग तिला रडू आलं. मी तिच्यापासून तीन हात लांब उभा राहिलो, कारण जवळ जायचा हक्क आहे की नाही ते कळेना.

आज सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. फक्त एक वाक्य बोलली. "आधी मोठ्या बाईंना मैदानाचं सांगून ये."

म्हणून गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "महोत्सव उरकला, पाहुणे गेले, आता विटा कसल्या उकरतोस? निकाल लागला तो लागला."

मी म्हटलं, "मग हे प्रशस्तिपत्र तरी परत घ्या."

"आता जावक रजिस्टरला चढलं आहे ते. परत कसं घेऊ?"

"निदान त्यातली वेलांटी चुकली आहे."

त्यांनी बघितलं, खिडकीकडे नेऊन पुन्हा बघितलं, लाल शाईने ऱ्हस्व केलं आणि मला परत दिलं. शिट्टीसरांना मात्र राग आला. "मला त्याच वेळी का नाही सांगितलंस, गाढवा?" असं म्हणून त्यांनी सवयीने शिट्टी वाजवली. मग पलीकडच्या बाईंना चिठ्ठी पाठवली, काय झालं ते सगळं लिहून. त्यांचं उत्तर आलं: "कानांवर विश्वास ठेवायला हवा होता. पुढच्या फेरीआधी आमच्या मुलींना सराव हवाच आहे. तुमच्या मुली मैत्रीचा सामना खेळायला येतील का? मैदान आम्ही आखू."

निकाल तोच राहिला. जानेवारीत पलीकडच्या मुली तुझ्या शहरात येतील. टिल्ली त्यांच्यात नसेल.


शनिवार, २० डिसेंबर. सकाळचे आठ.

आज पाकीट बंद करतो आहे.

काल टिल्ली बोलली. मी मैदान पुन्हा आखत होतो, टेपने. सामना नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं, पण ती चार बोटं परत द्यायची होती. धुकं होतंच. ती दुसऱ्या टोकाला आली आणि न सांगता टेपचं टोक धरून बसली. मी मागे सरकत होतो, ती मला दिसत नव्हती, नुसता टेपला ताण जाणवत होता. तिकडून आवाज आला.

"मामा, जिंकल्याशिवाय गेलं तर चालतं का?"

"चालतं."

"काय सांगायचं मग? कशाला आले म्हणून?"

"उंची दाखवायला."

तिकडून टेपला एक हिसका बसला. मग, "टेप सैल सोडतोयस, नीट धर."

तेव्हा ती येते आहे, ताई. रविवार, ४ जानेवारी. गाडी इथून सकाळी सहा दहाला सुटते, तुझ्या स्टेशनला दुपारी दीडला पोचते. राखाडी स्वेटर असेल. तू दहा वर्षांची मुलगी शोधू नकोस, गर्दीत सगळ्यांच्या वर डोकं दिसेल ती. सोबत एक कार्ड ठेवलं आहे, त्यावर माझा पत्ता लिहिलेला आहे. तुला ते लिहायचे श्रम नकोत. ये म्हणायचं असेल तर कोरंच टाक आणि तिला घ्यायला स्टेशनवर ये. दोन तारखेपर्यंत कार्ड आलं नाही तर मी तिच्यासोबत येईन, तुझ्या दारापर्यंत सोडीन आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन. तू दार उघडलंस की निघेन. मला आत बोलाव असं मी म्हणत नाही.

तुझी अकरा पत्रं तिच्या पिशवीत आहेत. माझी ती अकरा खोटी उत्तरं तुझ्याकडे असतील तर फाडून टाक. नाहीतर ठेव, आणि शेजारी हे ठेव.

हे पत्र मी पुन्हा वाचलं. खाडाखोड नाही. पहिल्या बुधवारचं खोटं वाक्य तसंच आहे.

हिशेब लिहितो, त्याशिवाय मला पत्र संपल्यासारखं वाटत नाही.

खर्च:
टिल्लीचं तिकीट, जाण्याचं: १८५
पाकीट, टपाल, कार्ड: १२
नवीन दोरी, नायलॉनची (पाण्याने आटत नाही असं दुकानदार म्हणाला, मी तरी बादलीत बुडवून बघितली): ४०

देणे:
शिट्टीसरांचे उसने: १५०, पगाराला फेडीन.
तुझी सहा वर्षं. ही कशी फेडायची ते मला येत नाही, म्हणून आकडा मांडलेला नाही.

परतीच्या तिकिटाचे १८५ तिच्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवून तोंड शिवून टाकलं आहे. ते वापरायचे की नाहीत, हे ती आणि तू बघा. मी ते खर्चात धरलेले नाहीत.

येणे:
हा रकाना मोकळा ठेवला आहे.